रविवारच्या शाळेतला राष्ट्राध्यक्ष

३१ ऑक्टोबर १९७६. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या रविवारी उपासना झालीच नाही. गाव भुईमुगावर जगणारं, वस्ती जेमतेम सहा-सातशे. एरवी ही बातमी पंचक्रोशीबाहेर गेली नसती. पण या चर्चचे एक सभासद, जिमी कार्टर, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि मतदान दोनच दिवसांवर आलं होतं.

जवळच्या ऑल्बनी शहरातले क्लेनन किंग नावाचे कृष्णवर्णीय पाद्री त्या दिवशी दारात येऊन उभे राहणार होते. गोऱ्यांच्या या चर्चचं सभासदत्व त्यांनी मागितलं होतं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळींनी ११ वर्षांपूर्वीच्या ठरावावर बोट ठेवलं आणि पेच टाळण्यासाठी प्रार्थनाच रद्द करून टाकली. ऐन निवडणुकीच्या तोंडावर हा अर्ज का आला, किंग यांच्या मनात राजकारण होतं का, असे प्रश्न तेव्हाही विचारले गेले. राजकारण असेलही. पण कृष्णवर्णीयांना आत घ्यायचं नाही, हा ठराव त्यांनी रचलेला नव्हता. तो चर्चच्या दप्तरात होता.

कार्टर यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड, यांच्या प्रचारयंत्रणेने लगोलग शेकडो कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना तारा पाठवल्या: ज्यांना स्वतःचं चर्च बदलता आलं नाही, ते देश काय बदलणार? कार्टर यांच्यापुढे सोपा मार्ग होता. सभासदत्वाचा राजीनामा दिला असता तर वर्तमानपत्रांनी पाठ थोपटली असती. त्यांनी तो दिला नाही. हा एखादा क्लब असता तर मी बाहेर पडलो असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण हे देवाचं घर आहे, ते सोडायचं नाही, आत राहून बदलायचं. निवडणूक जिंकल्यावर १२ दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, भावी राष्ट्राध्यक्ष इतर सभासदांसारखेच त्या चर्चच्या बाकावर बसले, बोलले आणि त्यांनी मत दिलं. बहुमताने जुना ठराव रद्द झाला.

कार्टर यांच्या धर्मनिष्ठेबद्दल लिहिताना बहुतेक जण त्यांच्या 'बॉर्न अगेन', म्हणजे श्रद्धेतून नव्याने जन्मलेला, या शब्दांपासून सुरुवात करतात. मला हा चर्चमधला रविवार जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या राजकारणातला सगळा ताण इथे एका जागी सापडतो: एकीकडे आपल्या माणसांवरची माया, दुसरीकडे त्याच माणसांच्या मनातला वर्णद्वेष, आणि या दोहोंच्या मध्ये बायबल शिकवणारा एक राजकारणी.

बॅप्टिस्ट परंपरेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की सगळे पंथ एकाच पोतडीत टाकले जातात. बॅप्टिस्टांमध्ये बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देत नाहीत. समजत्या वयात माणसाने स्वतः तो मागायचा असतो. श्रद्धा जर ज्याची त्याने स्वीकारायची, तर राजाने किंवा सरकारने ती लादण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सतराव्या शतकात रॉजर विल्यम्स यांना मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार व्हावं लागलं ते याच आग्रहापायी. त्यांनी वसवलेल्या प्रॉव्हिडन्सच्या वसाहतीत कुणाच्याही सद्सद्विवेकावर सक्ती नव्हती. स्वातंत्र्ययुद्धाआधी व्हर्जिनियात परवान्याविना प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट प्रचारकांना तुरुंगात टाकत. धर्म आणि शासन यांच्यामधल्या भिंतीचा जेफरसन यांचा प्रसिद्ध उल्लेख १८०२ सालच्या ज्या पत्रात आहे, ते पत्र कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनाच लिहिलेलं होतं. म्हणजे ही भिंत नास्तिकांनी मागितलेली नव्हती, धर्मनिष्ठांनी मागितली होती. कार्टर या परंपरेत वाढले आणि अखेरपर्यंत तिला धरून राहिले.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९२४ चा. बालपण प्लेन्सजवळच्या आर्चरी नावाच्या वाडीवर गेलं. आजूबाजूला बहुतेक कृष्णवर्णीय शेतमजुरांची घरं, आणि जिमीचे सवंगडी त्याच घरांतले. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपासची एक आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. तिघं मुलं शेताच्या फाटकापाशी आली. दोघा कृष्णवर्णीय मित्रांनी फाटक उघडलं आणि बाजूला सरून जिमीला आधी जाऊ दिलं. त्याला वाटलं, पुढे तार बांधून ठेवली असेल, आपल्याला पाडायचा बेत असेल. तसं काही नव्हतं. आता तू मोठा होतोयस, गोरा आहेस, तेव्हा पुढे तू आणि मागे आम्ही, असं त्यांच्या घरच्यांनी त्यांना शिकवलं असावं, हे त्याला फार नंतर उमगलं.

वडील अर्ल हे वर्णभेदाची रीत पाळणारे. आई लिलियन नर्स. कुणी काही म्हणो, कृष्णवर्णीयांच्या घरी बाळंतपणाला त्या जात आणि सुशिक्षित कृष्णवर्णीय पाहुणा आला तर त्याला समोरच्या दाराने घरात घेत. चर्चला नेमाने जाण्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, पण मुलाच्या धर्मनिष्ठेला वळण लागलं ते मला वाटतं चर्चपेक्षा या बाईंमुळे अधिक. जिमीचा बाप्तिस्मा अकराव्या वर्षी झाला. अठराव्या वर्षी, अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकत असताना, तो नौदलातल्या लोकांच्या मुलींना रविवारच्या शाळेत बायबल शिकवू लागला. रविवारी शिकवण्याचा हा नेम, अधूनमधून खंड पडत का होईना, वयाच्या नव्वदीच्या पुढेही टिकला.

१९५३ साली वडील वारले आणि पाणबुडी दलातली नोकरी सोडून कार्टर पत्नी रोझलिन आणि मुलांसह भुईमुगाच्या धंद्यावर परतले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला आणि दक्षिणेत ठिकठिकाणी वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल' उभ्या राहिल्या. प्लेन्समध्ये सभासदत्वाचा आग्रह धरायला घरी आलेल्यांत गावचा पोलीसप्रमुख होता आणि धर्मोपदेशकही होता. वर्गणी पाच डॉलर. कार्टर नाही म्हणाले. मंडळी म्हणाली, पैशांचा प्रश्न असेल तर आम्ही भरतो. त्यावर कार्टर म्हणाले, ते पाच डॉलर मी संडासात टाकून पाणी सोडीन. पुढे काही काळ त्यांच्या गोदामावर गिऱ्हाईकांचा बहिष्कार पडला.

मग १९६५. नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते चर्चमध्ये शिरतील या धास्तीने डीकन मंडळाने ठराव आणला की कृष्णवर्णीयांना आत घ्यायचं नाही. कार्टर स्वतः त्या मंडळात होते, पण त्या बैठकीला हजर नव्हते. सर्व सभासदांसमोर ठराव आला तेव्हा ते उभे राहून विरोधात बोलले. मतदान झालं. ५०हून अधिक मतं ठरावाच्या बाजूने, सहा विरोधात. त्या सहांत पाच मतं कार्टर घराण्यातली. उरलेल्या बहुसंख्य लोकांनी हात वर केलाच नाही. त्यांतल्या काहींनी नंतर फोन करून सांगितलं म्हणे, की तुमचं पटलं होतं, पण सगळ्यांसमोर कसं म्हणणार. अशी माणसं कुठल्या गावात नसतात?

इतक्या स्वच्छ भूमिकेनंतर एक काळा डागही नोंदवायला हवा. १९६६ साली गव्हर्नरपदाच्या शर्यतीत कार्टर हरले आणि पद गेलं लेस्टर मॅडॉक्सकडे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना आपल्या उपाहारगृहातून हाकलण्यासाठी प्रसिद्ध झालेला हा माणूस. कार्टर खचले. देवाने हे कसं होऊ दिलं, या प्रश्नाने त्यांना ग्रासलं. धर्मप्रचारक असलेली बहीण रूथ त्यांच्याशी बोलत बसली. मग ते मिशनच्या कामावर पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्सला गेले, इलॉय क्रूझ नावाच्या क्यूबन वंशाच्या पाद्र्याबरोबर गरीब पोर्तो रिकन कुटुंबांची दारं ठोठावत हिंडले. आपल्या श्रद्धेला नव्याने अर्थ आला तो इथे, असं ते पुढे सांगत. असं असूनही १९७० च्या निवडणुकीत त्यांनी वर्णद्वेषी मतदारांना चुचकारलं. त्यांच्या गोटातून प्रतिस्पर्ध्याचं कृष्णवर्णीय खेळाडूंबरोबरचं छायाचित्र वाटलं गेलं. मॅडॉक्सबद्दल ते चांगलं बोलले. जिंकले. आणि १२ जानेवारी १९७१ ला शपथ घेताच जाहीर केलं की वंशभेदाचा काळ संपला. ज्यांनी मतं दिली होती ते चपापले. श्रद्धा खरी होती आणि तडजोडही खरी होती. मला यातलं एक सोडून दुसरं घेणं जमत नाही.

याच काळातला एक धागा आपल्या मुंबईतून जातो. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, लिलियन कार्टर परदेशी सेवेसाठी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पीस कोअरमध्ये दाखल झाल्या आणि त्यांची रवानगी झाली विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचं काम मिळालं, ते त्यांना रुचलं नाही. मग तिथल्या दवाखान्यात त्या रमल्या. पायी जायचं, इंजेक्शनं द्यायची, जखमा धुवायच्या. १९६८ पर्यंत त्या तिथे होत्या. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने निघाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यसंस्काराला अमेरिकेतर्फे आल्या तेव्हाही विक्रोळीला जाऊन जुन्या माणसांना भेटल्याशिवाय त्या परतल्या नाहीत.

१९७६ सालाकडे परत येऊ. व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांमुळे अमेरिकी माणसाचा राजकारण्यांवरचा विश्वास पार उडाला होता. खोटं बोलणार नाही, असं सांगणारा उमेदवार लोकांना हवाहवासा वाटला. आपण 'बॉर्न अगेन' ख्रिस्ती आहोत, हे कार्टर यांनी मोकळेपणाने सांगितलं तेव्हा न्यूयॉर्क-वॉशिंग्टनचे पत्रकार गोंधळले आणि दक्षिणेतले कोट्यवधी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारे प्रोटेस्टंट, हरखले. 'न्यूजवीक'ने ते वर्ष इव्हँजेलिकलांचं असल्याचं जाहीर केलं. त्यातच 'प्लेबॉय'ची मुलाखत आली. परस्त्रीकडे वासनेने पाहिलं तरी मनाने व्यभिचार झालाच, या येशूच्या शिकवणुकीचा दाखला देऊन कार्टर म्हणाले होते की मीही मनात असं अनेकदा केलं आहे, तेव्हा मी दुसऱ्याला तुच्छ कसं लेखू? सांगायचं होतं नम्रतेबद्दल. छापून गाजली ती वासना. पाद्र्यांनी कपाळावर हात मारून घेतला, विनोदी कार्यक्रमांना आठवडाभराची बेगमी झाली आणि कार्टर यांची लोकप्रियता घसरली. तरीही २ नोव्हेंबरला ते २९७ विरुद्ध २४० प्रतिनिधिमतांनी जिंकले.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी धर्माचं काय केलं? आधी काय केलं नाही ते पाहू. निक्सन यांनी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये रविवारच्या उपासना सुरू केल्या होत्या. कोणता पाहुणा बोलवायचा याचे राजकीय हिशेब तिथे होत. कार्टर यांनी ही प्रथा चालू ठेवली नाही. ते पायरी उतरून शहरातल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चला जात आणि अधूनमधून तिथे बायबलचा वर्गही घेत. रोज रात्री नवराबायको बायबलचं एक प्रकरण वाचत, तेही स्पॅनिशमध्ये, म्हणजे भाषेचा सराव व्हावा. ऑक्टोबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे व्हाइट हाउसमध्ये आले. तिथे आलेले ते पहिलेच पोप. १९६० साली कॅथलिक असलेल्या केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर उभं राहून आपण पोपच्या हुकमाने राज्य चालवणार नाही असं पटवून द्यावं लागलं होतं. १९ वर्षांनी एका बॅप्टिस्ट राष्ट्राध्यक्षाने पोपचं घरी स्वागत केलं आणि आकाश कोसळलं नाही.

गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांची भूमिका कुणालाच धड आवडली नाही. व्यक्तिशः ते गर्भपाताच्या विरोधात होते. येशूला हे मान्य झालं असतं असं मला वाटत नाही, असं ते सांगत. पण गर्भपाताला मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा निकाल हा देशाचा कायदा आहे आणि तो पाळण्याची मी शपथ घेतली आहे, असंही म्हणत. सरकारी पैसा गर्भपातासाठी वापरू नये याला पाठिंबा, घटनादुरुस्ती करून बंदी घालायला नकार. स्त्रीवादी नाराज, कर्मठही नाराज. आपली श्रद्धा स्वतःला बांधते, नागरिकांना बांधत नाही, ही त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली आहे असं माझं मत आहे, आणि बॅप्टिस्टांच्या जुन्या परंपरेत ती अगदी चपखल बसते.

श्रद्धेने सत्तेला सर्वात जास्त बळ दिलं ते सप्टेंबर १९७८ मध्ये, कॅम्प डेव्हिडच्या डोंगरावरच्या शांतता वाटाघाटींत. इजिप्तचे अन्वर सादात, इस्रायलचे मेनाखिम बेगिन आणि कार्टर. तिघेही आपापल्या धर्माचं आचरण करणारे. सादात यांच्या कपाळावर नमाजाची खूण होती. बेगिन शब्बाथ पाळत. कार्टर यांना लहानपणापासून बायबलमधल्या त्या प्रदेशातली गावं, टेकड्या, नद्या नावानिशी पाठ होत्या. वाटाघाटी यशस्वी व्हाव्यात म्हणून जगभरच्या लोकांनी प्रार्थना करावी असं आवाहन तिघांच्या नावाने निघालं. कल्पना रोझलिन यांची. मुक्कामातल्या प्रार्थना तिन्ही धर्मांच्या होत, आपापल्या वारी.

५ सप्टेंबरला सुरू झालेली बोलणी दहा-बारा दिवसांत मोडकळीला आली. सादात आणि बेगिन समोरासमोर बसले की भांडत, म्हणून कार्टर दोघांना वेगळं ठेवून स्वतःच मसुदे घेऊन एका कुटीतून दुसऱ्या कुटीत येरझारा घालू लागले. १५ तारखेला सादात यांनी सामान बांधलं, हेलिकॉप्टर मागवलं. कार्टर यांनी आपल्या खोलीत जाऊन काही वेळ प्रार्थना केली, मग घरगुती कपडे बदलून व्यवस्थित पोशाख केला आणि ते सादात यांच्याकडे गेले. तुम्ही गेलात तर आपली मैत्री संपली, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सादात थांबले.

१७ तारखेला बेगिन अडले. त्यांनी आपल्या नातवंडांसाठी तिघा नेत्यांच्या छायाचित्रांवर सह्या मागितल्या होत्या. कार्टर यांच्या सचिव सुझन क्लफ यांनी इस्रायलमधून त्या मुलांची नावं मिळवली. कार्टर यांनी एकेका छायाचित्रावर एकेका नातवंडाचं नाव घालून सही केली आणि गठ्ठा घेऊन ते बेगिन यांच्या कुटीत गेले. बेगिन नावं मोठ्याने वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज कापू लागला. नातवंडांबद्दल, युद्धाबद्दल दोघं बोलले. थोड्याच वेळात तोडगा निघाला. २६ मार्च १९७९ ला झालेला इजिप्त आणि इस्रायल यांच्यातला करार आजही टिकून आहे. पॅलेस्टिनींचा प्रश्न मात्र या कराराने सोडवला नाही. इस्रायली वसाहती थांबवण्याबद्दल बेगिन यांनी नेमकं काय कबूल केलं यावर त्यांचा आणि कार्टर यांचा वाद पुढे कायम राहिला.

जानेवारी १९७९ मध्ये चीनचे डेंग शियाओपिंग वॉशिंग्टनला आले. औपचारिक बोलणी आटोपल्यावर जेवताना डेंग यांनी कार्टर यांना चीनबद्दल लहानपणी काय वाटायचं असं विचारलं. कार्टर म्हणाले, आमच्या चर्चमधून चीनच्या मिशनऱ्यांना पैसे जात. मीही दरमहा नाणं टाकायचो. मग त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: उपासनेचं स्वातंत्र्य, बायबल छापायची मुभा आणि मिशनऱ्यांना परवानगी. दुसऱ्या दिवशी डेंग यांनी उत्तर दिलं की पहिल्या दोन गोष्टी होतील, तिसरी नाही. परदेशी मिशनऱ्यांनी तिथे राजेशाही थाटात राहून काय केलं हे डेंग विसरले नव्हते. कार्टर यांनी ताणून धरलं नाही.

सौहार्द आणि श्रद्धा सगळीकडे पुरी पडत नव्हती, हे भारताच्या बाबतीत दिसलं. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत आले, संसदेपुढे बोलले, गांधीजींचा आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा ऋणनिर्देश केला. यजमान मोरारजी देसाई, गीता वाचणारे, दारूला न शिवणारे. दोघांचं जमलं. पण तारापूरच्या अणुभट्टीला लागणाऱ्या युरेनियमवरून पेच होता आणि भारताने आपल्या सर्व अणुकेंद्रांची तपासणी मान्य करावी असा अमेरिकेचा हट्ट होता. माइक चालू आहे हे न कळून कार्टर परराष्ट्रमंत्री व्हॅन्स यांना म्हणाले की परतल्यावर देसाईंना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहायला हवं. ते सर्वांनी ऐकलं. पुढे १९८० साली, आपल्याच अणु नियामक आयोगाचा नकार बाजूला सारून, तारापूरला इंधन पाठवायचा निर्णय कार्टर यांनीच घेतला आणि सिनेटमध्ये तो दोन मतांनी वाचला.

आता १९८० मधल्या कार्टर यांच्या पराभवाच्या मुळाशी जाऊ. दक्षिणेत सरकारी शाळांमधला वर्णभेद संपवण्याचे आदेश निघाले तसे गोऱ्या पालकांनी ठिकठिकाणी खासगी शाळा काढल्या, त्यांतल्या पुष्कळ चर्चच्या नावाने. त्यांना करसवलत मिळत होती. १९७८ साली करखात्याने नियम प्रस्तावित केला: ज्या खासगी शाळा वर्णभेदासाठीच निघाल्या आहेत असं दिसतं, त्यांनी तसं नाही हे सिद्ध करावं, नाहीतर सवलत जाईल. सरकारकडे निषेधाच्या पत्रांचा पूर आला आणि अखेर अमेरिकी काँग्रेसने हा नियम अडवला. उजव्या ख्रिस्ती चळवळीचे एक शिल्पकार पॉल वायरिच यांनी नंतर स्वतः कबूल केलं की इव्हँजेलिकलांना राजकारणात उतरवलं ते गर्भपाताने नव्हे, या शाळांच्या प्रश्नाने. हे पटण्यासारखं आहे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट चर्चांच्या संघटनेने १९७१ साली काही परिस्थितींत गर्भपाताला कायदेशीर मुभा असावी असा ठराव केला होता. त्या वेळी तो त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय नव्हता. प्लेन्सच्या चर्चमध्ये ज्या प्रश्नावर मतदान झालं, तोच प्रश्न वेगळ्या वेषात देशभर उभा राहिला होता.

१९७९ साली पाद्री जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही उजव्या ख्रिस्त्यांची राजकीय संघटना स्थापन केली. जानेवारी १९८० मध्ये कार्टर यांनी प्रमुख इव्हँजेलिकल नेत्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं. समेट झाला नाही. पुढे फॉलवेल यांनी एका सभेत त्या न्याहारीतला संवाद म्हणून एक किस्सा सांगितला: समलिंगींना कर्मचारी म्हणून का ठेवता, असं आपण विचारलं आणि राष्ट्राध्यक्षांनी अमुक उत्तर दिलं. बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं. त्यात तसा संवादच नव्हता. ऑगस्टमध्ये डॅलसच्या मेळाव्यात कार्टर यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार रीगन इव्हँजेलिकल पाद्र्यांना म्हणाले, तुम्ही मला उघड पाठिंबा देऊ शकत नाही हे ठाऊक आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. हॉलिवूडमधून आलेला, घटस्फोट झालेला, चर्चला क्वचित जाणारा उमेदवार त्यांना रविवारी बायबल शिकवणाऱ्यापेक्षा जवळचा वाटला. कारण तो सत्ता देऊ करत होता. कार्टर यांच्याकडे द्यायला ती नव्हती; किंबहुना तशी सत्ता धर्माच्या हाती देणंच त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

महागाई, पेट्रोलच्या रांगा आणि इराणमधले ४४४ दिवसांचे ओलीस यांनी निवडणूक घालवली हे खरं. इराणच्या बाबतीत त्यांचा स्वतःचाही दोष होता: १९७७ च्या अखेरच्या रात्री तेहरानमध्ये शहासाठी प्याला उंचावून त्यांनी इराणला स्थैर्याचं बेट म्हटलं होतं, आणि ते म्हणताना शहाचे तुरुंग भरलेले होते. पण माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी हार दुसरीकडे झाली. १७ फेब्रुवारी १९८० रोजी एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी कार्टर यांना पत्र लिहिलं. पाठवण्याआधी ते त्यांनी आपल्या लोकांना वाचून दाखवलं. तुम्ही ख्रिस्ती आहात आणि मानवी हक्कांचं रक्षण करू इच्छिता, म्हणून विनवतो, आमच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका, तिने आमच्याच लोकांवरचा जुलूम वाढेल, असा त्याचा आशय. परराष्ट्रमंत्र्यांकडून धीराचं उत्तर गेलं. २४ मार्चला एका रुग्णालयाच्या लहानशा प्रार्थनागृहात मिस्सा चालू असताना रोमेरो यांना गोळी घातली गेली. मदत गेलीच. डिसेंबरमध्ये तिथल्याच नॅशनल गार्डच्या जवानांनी चार अमेरिकी ख्रिस्ती सेविकांना ठार मारलं तेव्हा कार्टर यांनी ती थांबवली आणि जानेवारी १९८१ मध्ये, पद सोडण्याच्या आठवडाभर आधी, पुन्हा सुरू केली. कम्युनिस्टांच्या भीतीपुढे आर्चबिशपची विनवणी उणी पडली. मानवी हक्कांना परराष्ट्र धोरणात आणणारा हा राष्ट्राध्यक्ष होता म्हणूनच हे जास्त सलतं.

नोव्हेंबर १९८० मध्ये कार्टर यांना अवघी ४९ प्रतिनिधिमतं पडली, रीगन यांना ४८९.

पुढची ४४ वर्षं इथे भराभर सांगता येतील. १९८२ साली कार्टर सेंटर सुरू झालं. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. विहिरीचं पाणी गाळून प्यायला लोकांना शिकवायचं, या साध्या कामासाठी ते आफ्रिकेतल्या राज्यकर्त्यांच्या मागे लागले. ते गेले त्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, हा आकडा वीसच्या आत आला होता. गरिबांची घरं बांधणाऱ्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या कामाला ते हातात हातोडा घेऊन दरवर्षी जात. २००६ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात आठवडाभर घरं बांधायला आले होते. जगभरचे स्वयंसेवक जमले होते आणि शंभर घरं उभी करायची होती. घर मिळवणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, ही त्या संस्थेची रीत.

प्लेन्सच्या चर्चचं काय झालं? ठराव रद्द झाला तरी कडवटपणा राहिला. कृष्णवर्णीयांना आत घेण्याच्या बाजूने उभे राहिलेले पाद्री ब्रूस एडवर्ड्स यांना १९७७ मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि एक गट बाहेर पडला. त्या गटाने गावाच्या टोकाला मारानाथा बॅप्टिस्ट चर्च काढलं. वॉशिंग्टनहून परतलेले कार्टर पती-पत्नी तिथे जाऊ लागले आणि रविवारचा वर्ग तिथे भरू लागला. ज्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनमध्ये ते जन्मापासून होते, तिच्यावर दरम्यान कर्मठांनी ताबा मिळवला होता. १९९८ मध्ये तिने पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावं असं श्रद्धापत्रात घातलं आणि २००० मध्ये स्त्रियांना पाद्री होता येणार नाही असं ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ७६ वर्षांच्या कार्टर यांनी कन्व्हेन्शनशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. २४ वर्षांपूर्वी गावच्या चर्चचा राजीनामा द्यायला नकार देणारा हाच माणूस. तेव्हा आत राहून मत देता येत होतं आणि मत देऊन ठराव बदलता आला होता. आता तो मार्ग उरला नव्हता. मारानाथा चर्चने मात्र स्त्रियांना अडवलं नाही. पुढे काही वर्षांनी रोझलिन कार्टर तिथे डीकन झाल्या.